आकड्यांचे दप्तर

महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी एखाद्या स्थानिक कंपनीकडून फायबरचे कनेक्शन घेतलेल्या माणसाने आपला सार्वजनिक आयपी पत्ता तपासून पाहिला, तर तो पुष्कळदा १०३ या आकड्याने सुरू होणारा निघतो. काठमांडू, ढाका किंवा फिजी इथल्या लहान कंपन्यांच्या ग्राहकांनाही हाच अनुभव येईल. याचे कारण ३ फेब्रुवारी २०११ या तारखेत आहे. त्या दिवशी मायामी शहरात एक छोटासा समारंभ झाला आणि जगाच्या मध्यवर्ती साठ्यात उरलेले पत्त्यांचे शेवटचे पाच गठ्ठे पाच विभागीय संस्थांना एकेक करून वाटण्यात आले. १०२ आफ्रिकेला, १०४ उत्तर अमेरिकेला, १७९ लॅटिन अमेरिकेला, १८५ युरोप आणि मध्यपूर्वेला, आणि १०३ आशिया-प्रशांत विभागाला. साठा संपला. आपल्या गावातल्या कंपनीने व्यवसाय सुरू केला तोवर कोठारात हा एकच गठ्ठा उरला होता, म्हणून तिच्या वाट्याला १०३ आला.

कोठारात मुळात होते किती? आयपी पत्ता म्हणजे टिंबांनी वेगळे केलेले चार आकडे, प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमधला. हिशेब केला की ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात. ही रचना सप्टेंबर १९८१ मध्ये पक्की झाली, तेव्हा अमेरिकेतल्या अर्पानेट या पूर्वज-जाळ्याला जोडलेले संगणक जेमतेम दोनशेच्या घरात होते. दोनशे यंत्रांसाठी सव्वाचारशे कोटी पत्ते म्हणजे अतिरेकच वाटला असणार. या रचनेच्या जनकांपैकी एक, व्हिंट सर्फ, पुढे सांगत राहिले की त्यांच्या लेखी तो एक प्रयोग होता. प्रयोग संपून खरी आवृत्ती यायची होती. पण तोच प्रयोग जगभर पसरून बसला.

पत्ता वाटण्याच्या कामाची एकमेव अट म्हणजे एकच पत्ता दोघांना जाता कामा नये. ही अट पाळायला कोणीतरी वही ठेवावी लागते. सुरुवातीला ती एका माणसाकडे होती. जॉन पोस्टेल हे लांब दाढीचे, पायांत सँडल घालून हिंडणारे कॅलिफोर्नियातले संशोधक. मे १९७२ मध्ये त्यांनी एका टिपणात सुचवले की नेटवर्कवरचे क्रमांक वाटून देणारा कोणी एक मुखत्यार असावा, आणि कंसात हळूच विचारले की तो मीच असलो तर? कोणी हरकत घेतली नाही. पुढची पंचवीसहून अधिक वर्षे, १६ ऑक्टोबर १९९८ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, कोणता क्रमांक कोणाचा याचा अंतिम शब्द पोस्टेल आणि त्यांचे मोजके सहकारी यांचा राहिला. या व्यवस्थेला आयाना हे भारदस्त नाव नंतर चिकटले.

त्या काळातली वाटणी आज वाचताना गंमत वाटते. पत्त्यांचे फक्त तीन आकारांचे गठ्ठे होते: मोठा १,६७,७७,२१६ पत्त्यांचा, मधला ६५,५३६ पत्त्यांचा आणि लहान २५६ पत्त्यांचा. मोठा गठ्ठा मागणाऱ्याला फार प्रश्न विचारले जात नसत. फोर्ड मोटर कंपनीला १९ ने सुरू होणारे सगळे पत्ते मिळाले, ॲपलला १७ चे, एमआयटी या विद्यापीठाला १८ चे, आयबीएमला ९ चे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे असे कित्येक गठ्ठे गेले. हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हॅम मंडळींच्या, वाट्याला आख्खा ४४ आला. या ४४ चा पुढे केवढा भाव आला ते पाहणारच आहोत.

खरी अडचण मधल्या आकाराच्या संस्थांची होती. दोन हजार संगणकांच्या विद्यापीठाला लहान गठ्ठा पुरत नसे, म्हणून त्याला ६५,५३६ चा मिळे आणि त्यातले ६३ हजार पत्ते नुसते पडून राहत. १९९० च्या सुमारास मधले गठ्ठे संपत आल्याचे लक्षात आले. मग १९९३ मध्ये हे तीन ठरीव आकार मोडीत काढून हव्या त्या मापाचे तुकडे पाडण्याची सोय झाली. त्याच सुमारास दुसरी एक गोष्टही स्पष्ट झाली होती. टोकियोतल्या किंवा ॲमस्टरडॅममधल्या अर्जदाराची गरज खरी की फुगवलेली, हे अमेरिकेत बसून ठरवणे अवघड होते. वही विभागून द्यायला हवी होती.

युरोपीय मंडळींनी आधीच पुढाकार घेतला होता. तिथल्या नेटवर्क चालवणाऱ्यांचा राइप हा गट १९८९ पासून भेटत होता. त्यांनी १९९२ मध्ये ॲमस्टरडॅमला राइप एनसीसी हे कार्यालय थाटले. आशिया-प्रशांत विभागासाठी १९९३ मध्ये टोकियोत प्रायोगिक स्वरूपात एपनिक सुरू झाले आणि १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला हलले. उत्तर अमेरिकेसाठी एरिन १९९७ च्या डिसेंबरात, लॅटिन अमेरिका व कॅरिबियनसाठी लॅकनिक २००२ मध्ये उरुग्वेच्या मोंटेव्हिडिओत, आणि आफ्रिकेसाठी आफ्रिनिक २००५ मध्ये मॉरिशसला. पाचही संस्था बिगरनफा तत्त्वावर चालतात आणि पाचांचाही खर्च सदस्यांच्या वर्गणीतून भागतो. सदस्य म्हणजे इंटरनेट पुरवठादार, मोबाइल कंपन्या, बँका, विद्यापीठे, डेटा सेंटरवाले. यांतली एकही सरकारी खाते नाही आणि संयुक्त राष्ट्रांची शाखाही नाही.

एपनिकच्या खाली काही देशांत राष्ट्रीय नोंदणी संस्था आहेत. जपान, चीन, दक्षिण कोरिया, तैवान, व्हिएतनाम, इंडोनेशिया आणि २०१२ पासून भारत. आपल्याकडची संस्था इरिन. ती निक्सी या इंटरनेट एक्स्चेंज चालवणाऱ्या कंपनीचा भाग आहे. उत्तर अमेरिकेची एरिन आणि भारताची इरिन ही नावे कानाला इतकी सारखी लागतात की परिषदांमध्ये बोलणाऱ्यांचाही घोळ होतो. भारतातला पुरवठादार इरिनकडेही जाऊ शकतो किंवा थेट ब्रिस्बेनलाही. दोन्ही वाटा खुल्या आहेत.

समजा सांगली जिल्ह्यात कोणाला इंटरनेट पुरवण्याचा धंदा सुरू करायचा आहे. दूरसंचार विभागाचा परवाना हातात आल्यावर त्याला दोन गोष्टी लागतात. एक पत्त्यांचा गठ्ठा, आणि दुसरा एएस नंबर. हा दुसरा क्रमांक संपूर्ण नेटवर्कला मिळून एक असतो आणि इतर नेटवर्कना त्याची ओळख त्यावरून पटते. एकाच मोठ्या कंपनीकडून जोड घेऊन तिचेच पत्ते वापरायचे असतील, तर एएस नंबरावाचून भागते. पण दोन बड्या कंपन्यांशी जोड ठेवून एक बंद पडली तर दुसरीवरून चालू राहायचे असेल, तर स्वतःचे पत्ते आणि स्वतःचा नंबर हवाच. अर्जात कंपनीची कागदपत्रे, नेटवर्कचा आराखडा, पत्ते कुठे वापरणार याचा तपशील द्यावा लागतो. करार होतो, दरवर्षी शुल्क भरावे लागते. एपनिकच्या शुल्काचे सूत्र मोठे हुशार आहे: पत्ते दुप्पट झाले म्हणून शुल्क दुप्पट होत नाही, ढोबळमानाने तीस टक्क्यांनी वाढते. साहजिकच लहान सदस्याला प्रत्येक पत्ता महाग पडतो आणि बड्याला स्वस्त, अशी तक्रार वर्षानुवर्षे चालू आहे. ती मला रास्त वाटते. पण नोंद ठेवायचा खर्च पत्त्यांच्या संख्येवर फारसा अवलंबून नसतो, हे संस्थेचे उत्तरही खोटे नाही.

करारातले एक कलम मात्र नवख्याला चकित करते. मिळालेले पत्ते त्याच्या मालकीचे होत नाहीत. त्याच्या नावावर फक्त नोंद होते आणि त्या नोंदीनुसार वापरायचा हक्क मिळतो. सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखेच हे आहे. महसुली नोंदीने मालकी सिद्ध होत नाही असे न्यायालये पुनःपुन्हा सांगतात, तरी गावातला व्यवहार, कर्ज, भांडण, तडजोड सगळे त्या कागदाकडे बघूनच चालते. फरक एवढाच की तलाठ्याच्या मागे तहसीलदार असतो, कलेक्टर असतो, वेळ पडली तर पोलीस असतात. ब्रिस्बेनच्या दप्तरामागे असे कोणी नाही. एखाद्या नेटवर्कने वहीतली नोंद धुडकावून दुसऱ्याचे पत्ते वापरायला सुरुवात केली, तर एपनिक त्याच्या राउटरची वायर काढू शकत नाही. वही पाळली जाते कारण इतर हजारो नेटवर्क ती पाळायचे ठरवतात. इंटरनेटचा पाया एवढाच आहे, आणि तो किती कच्चा व तरीही किती टिकाऊ आहे हे दोन-तीन प्रसंगांवरून कळते.

२४ फेब्रुवारी २००८, रविवार. पाकिस्तानच्या नियामकाने यूट्यूब बंद करण्याचा आदेश दिला. पाकिस्तान टेलिकॉमच्या अभियंत्यांनी देशांतर्गत वाहतूक अडवण्यासाठी आपल्या राउटरना सांगितले की यूट्यूबच्या पत्त्यांचा एक तुकडा आमच्याकडेच आहे. ही थाप देशातच राहायला हवी होती. ती त्यांना जगाशी जोडणाऱ्या हाँगकाँगच्या कंपनीकडे गळली, त्या कंपनीने पडताळा न करता पुढे पाठवली आणि काही मिनिटांत जगभरचे राउटर यूट्यूबची वाट पाकिस्तानातून आहे असे मानू लागले. राउटरांचा नियम असा की अधिक नेमका, म्हणजे अधिक लहान तुकड्याचा दावा असेल तो खरा धरायचा. यूट्यूबने आपला १,०२४ पत्त्यांचा गठ्ठा जाहीर केलेला होता. पाकिस्तानातून दावा आला तो त्यातल्याच २५६ पत्त्यांचा. सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब गायब झाले.

हे शक्य झाले कारण राउटर एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात, त्या बीजीपी नावाच्या प्रणालीत समोरच्याचे बोलणे खरे मानायची रीत आहे. १९८९ मध्ये दोन अभियंत्यांनी जेवणाच्या टेबलावर कागदी रुमालांवर तिचा आराखडा खरडला, ही हकीकत या व्यवसायात सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा जाळ्यावरचे सगळे एकमेकांना नावाने ओळखत. पत्ता कोणाचा याची नोंद नोंदणी संस्थांच्या वहीत होती. पण राउटर ती वही उघडून बघत नव्हते.

वही आणि राउटर यांची गाठ घालायचे काम २०११ पासून सुरू झाले. त्याचे नाव आरपीकेआय. पत्तेधारक आपल्या विभागीय संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन, आमचा अमुक गठ्ठा फक्त अमुक एएस नंबरच जाहीर करू शकतो, असे डिजिटल सहीचे प्रमाणपत्र तयार करतो. त्याला रोआ म्हणतात. जगभरचे राउटर ही प्रमाणपत्रे उतरवून घेतात आणि त्यांच्याशी न जुळणारा दावा फेकून देतात. पहिली काही वर्षे फारसे कोणी फिरकले नाही. ज्याने रोआ काढायचा त्याला स्वतःला ताबडतोब काही फायदा नव्हता, आणि ज्याने पडताळायचे त्याला पडताळण्याजोगे रोआच नव्हते. कोंडी हळूहळू फुटली. मे २०२४ मध्ये जगातल्या निम्म्याहून अधिक आयपीव्ही४ मार्गांना, म्हणजे या चार आकडी पत्त्यांच्या मार्गांना, रोआचे संरक्षण मिळाले होते.

पण नोंदीला एवढे वजन आले की नोंद ठेवायच्या कपाटाची किल्लीही तितकीच मोलाची होते. ३ जानेवारी २०२४ रोजी स्पेनमधल्या ऑरेंज या मोठ्या मोबाइल कंपनीच्या राइप खात्यात एक भामटा शिरला आणि त्याने तिथली प्रमाणपत्रे बदलून टाकली. कंपनीचे स्वतःचेच मार्ग खोटे ठरून इतर नेटवर्कनी ते फेकले. जवळपास तीन तास तिच्या ग्राहकांची इंटरनेट सेवा कोलमडली. खात्याचा पासवर्ड होता राइपॲडमिन. मोबाइलवर येणाऱ्या दुसऱ्या कोडची सोय सुरूच केलेली नव्हती. राइपने त्यानंतर ती सगळ्यांना सक्तीची केली. कोट्यवधींची यंत्रसामग्री असलेल्या कंपन्यांची मान अशा एका लॉगिनमध्ये अडकलेली असते, हे आपल्याकडच्या पुरवठादारांनीही ध्यानात घ्यावे.

आता पुन्हा टंचाईकडे. फेब्रुवारी २०११ मध्ये मध्यवर्ती कोठार रिकामे झाले आणि एप्रिलमध्येच एपनिकचा स्वतःचा खुला साठाही आटला. पाच विभागांमध्ये सर्वांत आधी, कारण चीन, भारत, इंडोनेशिया, व्हिएतनाम एकदमच जाळ्यावर येत होते. शेवटच्या १०३ साठी सदस्यांनी आधीच एक नियम करून ठेवला होता: कितीही मोठी कंपनी असो, तिला यातून १,०२४ हून अधिक पत्ते नाहीत. गणित केले तर एका गठ्ठ्यात असे १६,३८४ वाटे बसतात. २०१९ मध्ये वाटा निम्म्यावर, ५१२ वर आणला गेला. रेशनिंग कोणाला आवडत नाही, पण हे रेशनिंग नसते तर शेवटचा गठ्ठा दोन-तीन बड्या मोबाइल कंपन्यांनी महिन्याभरात संपवला असता आणि तालुक्याच्या गावचा पुरवठादार जन्मालाच आला नसता. या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय कोणता असे विचारले तर मी हाच सांगेन.

बाकीच्या विभागांचे कोठार मागोमाग रिते झाले: युरोपचे २०१२ मध्ये शेवटच्या गठ्ठ्यावर आले, लॅटिन अमेरिकेचे २०१४, उत्तर अमेरिकेचे २०१५. आणि मग जे व्हायचे ते झाले. पत्त्यांचा बाजार उभा राहिला. दिवाळखोर निघालेल्या नॉर्टेल या कॅनडाच्या कंपनीकडून मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरना घेतले, म्हणजे पत्त्याला सव्वाअकरा डॉलर. दहा वर्षांत हाच भाव ५० डॉलरच्या पुढे गेला. एमआयटीने आपल्या गठ्ठ्याचा मोठा हिस्सा २०१७ मध्ये ॲमेझॉनला विकला. आणि ते हॅम रेडिओवाले? त्यांच्या ४४ मधला पाव भाग, सुमारे ४२ लाख पत्ते, २०१९ मध्ये ॲमेझॉननेच दहा कोटी डॉलरहून अधिक किमतीला घेतला. १९८१ मध्ये हौसेखातर मागून घेतलेल्या आकड्यांची ही किंमत. मिळालेल्या पैशांतून ते आता रेडिओ आणि विज्ञानशिक्षणासाठी अनुदाने देतात, हे त्यातल्या त्यात बरे. याला अपवाद म्हणून स्टॅनफर्ड विद्यापीठाचे नाव घ्यायला हवे. त्यांनी आपला आख्खा ३६ चा गठ्ठा २००० साली फुकट परत केला. तो पुढे एपनिकच्या वाट्याला आला.

मालकी नाही म्हणणाऱ्या संस्थांनी ही खरेदी-विक्री होऊ कशी दिली? रोखली असती तर व्यवहार चोरून झाले असते आणि वहीत एक नाव, प्रत्यक्षात दुसऱ्याचा वापर अशी अवस्था आली असती. वही खोटी झाली की संपलेच. म्हणून त्यांनी हस्तांतराचे नियम केले, घेणाऱ्याची पडताळणी केली आणि फेरफाराची नोंद घेतली. किंमत काय ठरली यात लक्ष घातले नाही.

भारताच्या नावावर आज चार कोटींच्या आसपास आयपीव्ही४ पत्ते आहेत. अमेरिकेकडे दीडशे कोटींहून अधिक. आपण उशिरा आलो एवढेच त्याचे कारण. ऑगस्ट १९९५ मध्ये व्हीएसएनएलने सामान्यांसाठी इंटरनेट खुले केले तेव्हा मोठे गठ्ठे वाटून झालेले होते. चार कोटी पत्त्यांत ऐंशी-नव्वद कोटी वापरकर्ते कसे मावतात? एका सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो घरे दडवून. या तंत्राला नॅट म्हणतात. त्याचा त्रास दिसतो तो घरातल्या कॅमेऱ्याला बाहेरून जोडायचे असते तेव्हा, किंवा सायबर पोलीस एखाद्या गुन्ह्याचा आयपी पत्ता घेऊन कंपनीकडे जातात तेव्हा. त्या क्षणी तो पत्ता दोनशे जण वापरत होते असे उत्तर मिळते. मग नेमकी वेळ आणि पोर्ट क्रमांक यांच्या नोंदी धुंडाळाव्या लागतात.

कायमचा इलाज आयपीव्ही६. त्यात पत्ता १२८ बिटांचा असतो, आणि एकूण पत्त्यांची संख्या लिहायला ३९ अंक लागतात. तिथे टंचाईचा प्रश्नच नाही. या बाबतीत उशिरा येण्याचा भारताला लाभ झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओने पहिल्यापासून आयपीव्ही६ वर नेटवर्क बांधले, कारण तेवढ्या ग्राहकांना पुरतील इतके जुने पत्ते बाजारातून विकत घेणे परवडलेच नसते. बाकीच्या मोबाइल कंपन्याही त्या वाटेने गेल्या. आज भारतातले ७० टक्क्यांहून अधिक वापरकर्ते आयपीव्ही६ वापरू शकतात आणि जगात आपण अगदी आघाडीवर आहोत. हा आकडा कोण मोजते? एपनिकच्याच संशोधन विभागातले जॉफ ह्यूस्टन आणि त्यांचे सहकारी. त्यांनी शोधलेली युक्ती साधी आहे: इंटरनेटवरच्या जाहिरातींत एक चिमुकला कोड घालायचा, जाहिरात ज्याच्या पडद्यावर उमटेल त्याचे यंत्र नव्या पत्त्याने चित्र आणू शकते का ते पाहायचे. कोणाला जाहिरातीवर बोटसुद्धा ठेवावे लागत नाही.

ह्यूस्टन यांच्या विभागाची आणखी एक कथा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जानेवारी २०१० मध्ये एपनिकला १ ने सुरू होणारा गठ्ठा मिळाला. तोवर तो कोणालाच दिलेला नव्हता, म्हणून जगभरच्या अभियंत्यांनी तो फुकटचा मानून ठेवला होता: उदाहरणात लिहायचा, हॉटेलच्या वायफायच्या पानाला द्यायचा, काही सुचले नाही तर १.१.१.१ टाकायचा. चाचणीसाठी हे पत्ते प्रथम जाळ्यावर जाहीर केले तेव्हा चुकून तिकडे पाठवलेल्या कचऱ्याचा असा लोंढा आला की साध्या जोडणीवर तो झेलणे अशक्य झाले. असा पत्ता सामान्य सदस्याला देणे म्हणजे त्याच्या दारात कचरागाडी रिकामी करणे. एपनिकने तो संशोधनासाठी राखून ठेवला. पुढे एवढा मारा पेलण्याची ताकद असलेल्या क्लाउडफ्लेअर कंपनीबरोबर करार झाला आणि १ एप्रिल २०१८ रोजी १.१.१.१ ही नावांवरून पत्ता शोधून देणारी मोफत सेवा सुरू झाली. तारखेमुळे पुष्कळांना ती थट्टा वाटली.

वर्गणीचा बराच पैसा अशा मोजणीवर आणि शिकवण्यावर खर्च होतो. राइपची ॲटलस नावाची योजना आहे. त्यात स्वयंसेवकांच्या घरी तळहातावर मावणारी मोजयंत्रे बसवलेली असतात आणि कुठला दुवा तुटला, कुठे वेग मंदावला हे ती कळवत राहतात. एपनिकचे प्रशिक्षक भूतानपासून तुवालूपर्यंत जाऊन राउटर बसवायला, रोआ काढायला, हल्ला झाला तर काय करायचे ते शिकवतात. दक्षिण आशियातल्या नेटवर्क चालवणाऱ्यांची सॅनोग ही परिषद २००३ मध्ये काठमांडूत सुरू झाली, तिलाही त्यांचे पाठबळ मिळाले. नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस या यंत्रणेच्या मूळ सर्व्हरच्या प्रती आशियात बसवण्यातही एपनिकने हातभार लावला. २००५ मध्ये त्यांतली एक मुंबईत, एक चेन्नईत आणि एक दिल्लीत आली. त्याआधी मूळ सर्व्हरला विचारलेला प्रश्न समुद्रापार जाऊन उत्तर घेऊन येत असे.

राजकारण या वहीपासून दूर राहील असे समजणे भाबडेपणाचे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर युक्रेन सरकारने राइपला पत्र लिहून रशियन सदस्यांचा पत्ते वापरण्याचा हक्क काढून घ्यायची मागणी केली. राइपने नकार दिला. संस्थेचा युक्तिवाद असा होता की नोंद ठेवणाऱ्याने एका युद्धात बाजू घेतली, तर पुढच्या प्रत्येक युद्धात त्याच्या दारात रांग लागेल, आणि मग प्रत्येक देश आपली वेगळी वही काढेल. मला हा निर्णय बरोबर वाटतो, जरी तो ऐकून युक्रेनच्या अभियंत्यांना काय वाटले असेल याची कल्पना करता येते.

वही आतूनच पोखरली गेली तर मात्र युक्तिवाद कामी येत नाहीत. आफ्रिनिकच्या बाबतीत हे घडले. २०१९ मध्ये उघड झाले की संस्थेतल्याच एका जुन्या अधिकाऱ्याने लाखो पत्त्यांच्या नोंदी परस्पर फिरवल्या होत्या. दुसरे प्रकरण त्याहून गुंतागुंतीचे. क्लाउड इनोव्हेशन या कंपनीला २०१३ ते २०१६ या काळात आफ्रिनिककडून ६० लाखांहून अधिक पत्ते मिळाले होते. ते आफ्रिकेबाहेर भाड्याने दिले जात आहेत असे म्हणत २०२१ मध्ये संस्थेने ते परत घ्यायचा प्रयत्न केला. कंपनी मॉरिशसच्या न्यायालयात गेली. जुलै २०२१ मध्ये आफ्रिनिकची बँक खातीच गोठवली गेली. पगार द्यायला पैसे नाहीत, अशा अवस्थेत एका खंडाचे दप्तर लटकले. त्यानंतर दाव्यांमागून दावे आले. संचालक मंडळाची गणसंख्या उरली नाही, २०२३ मध्ये न्यायालयाने प्रशासक नेमला, जून २०२५ मधली निवडणूक मुखत्यारपत्रांच्या वादात रद्द झाली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अखेर नवे मंडळ निवडून आले.

या काळात आफ्रिकेतले इंटरनेट बंद पडले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. राउटर चालू राहिले, कारण जुन्या नोंदी जागेवर होत्या. नवा पुरवठादार मात्र रखडला. आणि एक जुनी त्रुटी सगळ्यांच्या नजरेस आली: विभागीय संस्थेला मान्यता कशी द्यायची याचा दस्तऐवज २००१ साली लिहिला गेला, पण बिघडलेल्या संस्थेची मान्यता काढायची कशी, हे त्यात कोणी लिहिलेच नव्हते. आता पाचही संस्था मिळून तो दस्तऐवज नव्याने लिहीत आहेत.

आफ्रिनिकमध्ये चूक कोणाची, यावर अजून वाद चालतील. माझे मत असे की दोष केवळ एका कंपनीचा किंवा एका अधिकाऱ्याचा नव्हता. सदस्य वर्षानुवर्षे बैठकांना आले नाहीत, मतदान केले नाही, हिशेब विचारले नाहीत. थोड्या लोकांच्या हातात वही गेली, आणि पत्त्याला पन्नास डॉलर भाव आल्यावर त्या वहीकडे कोणाची नजर जाणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

एपनिकमध्ये कार्यकारी मंडळाच्या निवडणुकीत बड्या सदस्याला अधिक मते असतात, सर्वांत मोठ्याला ६४ पर्यंत. पण पत्ते कोणत्या नियमाने वाटायचे, ते ठरवताना मते मोजली जात नाहीत. कोणीही प्रस्ताव मांडतो, त्यावर खुल्या ईमेल यादीवर आणि वर्षातून दोनदा होणाऱ्या बैठकीत चर्चा होते आणि गंभीर आक्षेप उरला नाही तर प्रस्ताव संमत होतो. १०३ मधला वाटा ५१२ वर आला तो असाच. महाराष्ट्रात छोटे इंटरनेट पुरवठादार पुष्कळ आहेत, आणि या चर्चांमध्ये त्यांचा आवाज जवळजवळ ऐकू येत नाही. तुम्ही त्यांपैकी असाल तर दोन कामे या आठवड्यात करा: आपल्या गठ्ठ्याचा रोआ निघालेला आहे का ते तपासा, आणि एपनिकच्या धोरणविषयक यादीत नाव घाला. त्यासाठी सदस्य असावे लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत.